सातशे ब्याऐंशी की नऊशे ब्याऐंशी?

अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वाचला, तेव्हा त्यातलं वर्ष त्यांनी शके ७८२ असं लावलं. म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख पुन्हा तपासला आणि पहिला आकडा साताचा नव्हे, नवाचा आहे, असं दाखवलं. शके ९८२, इसवी सन १०६०. एका आकड्यापायी मंदिर दोनशे वर्षं अलीकडे आलं. आज महाशिवरात्रीला रांगेत उभं असलेलं शाळकरी पोरही १०६० हे साल सांगतं. त्या सालामागे एक चूक आहे आणि ती दुरुस्त करणारा माणूस चूक करणाऱ्याच्याच हाताखाली तयार झाला होता, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

ही गोष्ट मी आमच्या स्टाफरूममध्ये सांगितली. निमित्त होतं नव्या शैक्षणिक धोरणाचं. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला ओपन इलेक्टिव्ह आले. कॉमर्सच्या, सायन्सच्या मुलांनी आपल्या शाखेबाहेरचा एखादा विषय घ्यायचा. एका क्रेडिटला पंधरा तास, दोन क्रेडिटला तीस. माझं म्हणणं एवढंच होतं की या तीस तासांत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावं मूळ साधनांतून वाचायला लावू. एक शिलालेख, एक ताम्रपट, गॅझेटियरची काही पानं, फाळणीवरच्या दोन-तीन कथा. गाईड नाही. दर आठवड्याला दोन पानं स्वतः लिहायची, आणि दुसऱ्याने ती वर्गात खोडून काढायची.

एक ज्येष्ठ सहकारी प्रेमाने म्हणाले, “सर, कल्पना छानच आहे. पण आपल्या पोरांना झेपणार नाही. ओपन इलेक्टिव्ह स्कोअरिंग ठेवा. उगाच केट्या लागतील.”

हा लेख त्या ‘झेपणार नाही’शी भांडण्यासाठी आहे. पण आपल्याकडे शास्त्रार्थाची रीत अशी, की पूर्वपक्ष आधी मांडायचा, आणि तो मांडणाऱ्याला स्वतःला जमला नसता इतका नीट मांडायचा.

पूर्वपक्षाचे दोन थर आहेत. वरचा थर फलाटावर भेटतो. “पोरगी आर्ट्सला? का हो, टक्के कमी पडले का?” आर्ट्सला काय असतं, असा एकूण सूर. याला उत्तर देणं सोपं आहे आणि सगळे तेच देतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत १७५० गुणांपैकी २५० निबंधाला आणि ५०० वैकल्पिक विषयाला असतात. इंजिनियर झालेली मुलं त्यासाठी राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र घेतात आणि जे अकरावीत फुकट मिळत होतं ते क्लासला पैसे भरून शिकतात. आपल्या राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली. तेव्हा आर्ट्सला ‘स्कोप’ आहे, वगैरे वगैरे. हे उत्तर खरं आहे, पण मला ते नको आहे. परीक्षेला बसणाऱ्या लाखोंतून पद मिळतं मूठभरांना. मग उरलेल्यांनी वाचलं ते वाया गेलं का? समोरच्याच्या तराजूत बसून आपलं वजन सिद्ध करायला गेलं की तराजू त्याचाच राहतो.

खालचा थर अधिक जाड आहे आणि तो सदय माणसांच्या तोंडी असतो. म्हणून त्याच्याशीच भांडायला हवं. तो म्हणतो: आपल्याकडे येणारा विद्यार्थी बहुधा घरातला कॉलेजात आलेला पहिला. सकाळी उल्हासनगरच्या कॅम्प चार-पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापून येतो, नाही तर संध्याकाळी डिलिव्हरीला जातो. घरात वर्तमानपत्राखेरीज छापील कागद नाही. त्याच्यापुढे शिलालेख ठेवणं हा शहरी, पुस्तकी घरांत वाढलेल्या मास्तरचा हौसेचा खेळ आहे. कठीण अभ्यासक्रम वरकरणी सगळ्यांना सारखा, पण त्याची किल्ली ज्याच्या घरात पुस्तकांचं कपाट आहे त्याच्याच खिशात. तेव्हा दया असेल तर सोपं करा, पदवी हातात द्या आणि त्याला नोकरीला लागू द्या.

या मताला विद्वानांचा आधारही दाखवला जातो. फ्रान्समध्ये पियेर बुर्द्यू आणि जाँ-क्लोद पास्रों यांनी १९६४ साली ‘वारसदार’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहून दाखवलं की विद्यापीठ ज्याला ‘उपजत हुशारी’ समजतं ती पुष्कळदा घरातून आलेली वारसाहक्काची शिदोरी असते. आपल्याकडचा आधार तर आणखी जवळचा. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकार वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर पैसा ओततं आणि तो येतो मात्र शेतकऱ्याच्या सारा-पट्टीतून, हा त्यांचा आक्षेप होता. मागणी होती प्राथमिक शिक्षणाची, उपयोगी शिक्षणाची. मग फुल्यांचं नाव घेणाऱ्यांनी शिलालेखांचे लाड कशाला करावेत?

पूर्वपक्ष इथे संपला. यातलं एक वाक्य मला मान्यच आहे: किल्ली घरात असते. बाकीचं सगळं तिथून घसरतं.

बुर्द्यू-पास्रोंचं पुस्तक शेवटपर्यंत वाचणाऱ्याला दिसेल की त्यांनी अभ्यास सोपा करा असा निष्कर्ष काढलेला नाही. त्यांनी मागितली विवेकी अध्यापनपद्धती. घरात जे नकळत मिळतं ते वर्गात उघडपणे, पायरी-पायरीने शिकवा. वाचायचं कसं, टाचण काढायचं कसं, शंका कुठे घ्यायची, हे गुपित ठेवू नका. म्हणजे किल्ली वाटा. कुलूपच काढून आत रिकामी खोली ठेवा, असं त्यात कुठेही नाही. आमच्याकडची दया दुसरा मार्ग धरते. पाच प्रश्न ‘आयएमपी’ म्हणून सांगायचे, त्यांची उत्तरं झेरॉक्सच्या दुकानात ठेवायची, इंटर्नलला वीसपैकी अठरा द्यायचे. याला दया म्हणावं की हात झटकणं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी स्वतः काही वर्षं हे केलेलं आहे, म्हणून त्यातला आराम मला ठाऊक आहे. पेपर तपासायला निम्मा वेळ लागतो आणि कुणी केबिनच्या दाराशी येत नाही.

आणि जोतीराव? निवेदनातले फुले आठवायचे आणि १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’चे फुले विसरायचे, ही चलाखी झाली. वामन, परशुराम, बळी यांच्या पुराणकथा उलट्या बाजूने वाचून त्यांनी त्यात एक राजकीय इतिहास शोधला. त्या मांडणीतले तपशील आज टिकोत न टिकोत, ती कृती ग्रंथार्थाची आहे. पिढ्यान्‌पिढ्या एका वर्गाने लावलेला अर्थ नाकारून दुसरा लावण्याची. तरुणपणी थॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलेल्या माणसाचं ते काम होतं. ते पुस्तक त्यांना कुणी ‘स्कोअरिंग’ म्हणून दिलेलं नव्हतं.

पण ‘पहिल्या पिढीला झेपत नाही’ याला माझं खरं उत्तर जोतीराव नाहीत. ते त्यांच्या शाळेतली एक मुलगी आहे. मुक्ता साळवे, जातीने मांग, वय चौदाच्या आसपास, शाळेत येऊन झालेली वर्षं जेमतेम तीन. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ने तिचा निबंध छापला. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना ती गाऱ्हाणं गात बसत नाही, अनुमान करते. वेद जर ब्राह्मणांचेच आणि आम्हाला ते पाहण्याचीही मुभा नाही, तर आमचं धर्मपुस्तक कोणतं? पुस्तकच नसेल तर आम्ही धर्मरहित ठरलो, मग आमचा धर्म कोणता? प्रतिपक्षाचं विधान घ्यायचं, ते खरं धरायचं आणि त्याला त्याच्याच शेवटापर्यंत चालवत न्यायचं. ज्याला आपण शास्त्रार्थ म्हणतो तो हाच. तिच्या घरी कपाट नव्हतं. तीन वर्षांत कुणीतरी तिला किल्ली दिली होती.

भगवानलालांच्या बाबतीत मात्र मी हाच दावा करणार नाही. ते जुनागढचे, घरी संस्कृताची परंपरा होती. पण कॉलेज नव्हतं, पदवी नव्हती, इंग्रजीचं शिक्षण जवळपास नव्हतंच. गिरनारच्या शिळेवरची अक्षरं बघता बघता लिपी शिकलेला हा तरुण मुंबईत भाऊ दाजींकडे कामाला आला. लायडन विद्यापीठाने पुढे त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. आणि भाऊ दाजी स्वतः कोण? ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले डॉक्टर, रोगी तपासणारे. ‘शाखेबाहेरचा विषय’ ही कल्पना नव्या धोरणाने आणली असं कुणाला वाटत असेल तर त्याने या डॉक्टरचं नाव लक्षात ठेवावं.

आता त्या सात-नऊकडे पुन्हा येतो, कारण माझं मंडन त्यातच आहे.

समजा, विद्यार्थ्याने भाऊ दाजींचंच वाचन धरलं, शके ७८२. मग त्याला सांगायचं, की मंदिराच्या लेखात राजा कोण आहे ते बघ. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी मम्वाणि, म्हणजे मुम्मुणि. त्याचा थोरला भाऊ छित्तराज. छित्तराजाचा ताम्रपट भांडुपला सापडलेला आहे, शके ९४८ चा, म्हणजे इसवी सन १०२६ चा. आता थोरला भाऊ ९४८ ला राज्य करतोय आणि धाकटा ७८२ ला, हे कसं? मुलं हसतात. मग त्यांना कळतं की आकडा नुसत्या डोळ्यांनी वाचायचा नसतो. वंशावळीने, दुसऱ्या लेखाने, अक्षराच्या वळणाने तो पडताळायचा असतो. लेखात तिथी-वार दिलेला असला तर पंचांगाचं गणित मांडूनही वर्ष तपासता येतं. इथे कॉमर्सची मुलं आर्ट्सच्या मुलांपेक्षा पुढे जातात, हा माझा अनुभव. खतावणी जुळवायची सवय असते त्यांना.

कठीण अभ्यासक्रम म्हणजे माझ्या लेखी हे. जाड पुस्तक नव्हे, अवघड इंग्रजी तर नव्हेच. जिथे तुमचं म्हणणं पुराव्यापुढे चूक ठरू शकतं, तो अभ्यास कठीण. गाईडमध्ये चुकण्याची सोयच नसते. तिथलं उत्तर पाठ होतं किंवा होत नाही. भाऊ दाजींची चूक छापलेली आहे, तिच्यावर नाव आहे, म्हणून ती दुरुस्त करता आली. पहिल्या पिढीच्या मुलाला आपण दयेपोटी नाकारतो तो हा हक्क: स्वतःच्या नावावर चूक करण्याचा, आणि मास्तरची चूक काढण्याचा.

‘कठीण’चा दुसरा एक अर्थ लावणारेही आहेत, त्यांच्या पंक्तीत मला बसायचं नाही. कवी डब्ल्यू. एच. ऑडेन १९४१ साली मिशिगन विद्यापीठात युरोपीय वाङ्‌मयातल्या नियतीवर आणि व्यक्तीवर एक सत्र शिकवत होता. दान्ते, दस्तयेव्स्की, मेल्व्हिल आणि आणखी बरेच, मिळून सहा हजार पानांच्या घरातलं वाचन. त्या यादीचं अजून कौतुक होतं. मला ती यादी व्यायामशाळेतल्या लोखंडासारखी वाटते. आपल्या गाडीत उभ्याने प्रवास करणाऱ्या मुलाला सहा हजार पानं लागत नाहीत. सोळा ओळींचा एक ताम्रपट तीन आठवडे पुरतो. तीस तासांत शंभर पानं, पण त्यातलं एकही पान न वाचता वर्गात यायचं नाही, एवढी शिस्त मला पुष्कळ आहे.

वेळाचा मुद्दा खरा आहे, त्याला बगल देणार नाही. बदलापूरहून सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. अंबरनाथचा माणूस बसायला मिळावं म्हणून आधी उलट्या गाडीने बदलापूरला जातो, ‘रिटर्न’ मारतो आणि मग मुंबईकडे निघतो. ज्याला कामासाठी हे रोज करावं लागतं त्याच्या पोराला वाचायला वेळ कुठला? यावर डॉ. आंबेडकरांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज मुंबईत निघालं तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी तिथे वर्ग सकाळी भरवले. त्यांनी घड्याळ बदललं, पुस्तक बदललं नाही. त्यांना पुस्तक हलकं करणं सुचणारही नव्हतं. १९१६ च्या मे महिन्यात, पंचविशीतला विद्यार्थी असताना, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारात एक निबंध वाचला. भारतातल्या जातींची यंत्रणा, उगम आणि वाढ हा त्याचा विषय. तो निबंध पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला आणि आजही जातीवर लिहिणाऱ्याला तो ओलांडून जाता येत नाही. आज आपण ज्याला ‘इंटर्नल प्रोजेक्ट’ म्हणतो, त्याच जातीचा तो कागद. फरक हा की त्यांच्या वर्गात तो ऐकून प्रश्न विचारणारं कुणी होतं.

गाडीचाच विषय निघाला म्हणून. पुण्यात राहणारे दामोदर धर्मानंद कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित शिकवायला-करायला डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करत. म्हणजे आपल्याच बदलापूर-अंबरनाथवरून. गणितज्ञ माणूस, पण आहत नाणी तराजूवर तोलून झिजेवरून त्यांचा काळ मांडत बसला आणि १९५६ साली भारतीय इतिहासाची नवी मांडणी करणारं पुस्तक लिहून मोकळा झाला. खिडकीतून त्यांना आपली गावं कशी दिसत असतील, असं मला बदलापूरच्या फलाटावर उभं असताना पुष्कळदा वाटतं.

खिडकीतून दिसणारं गाव आणि वाचलेलं गाव यांत किती अंतर असतं ते उल्हासनगरात कळतं. मुलं म्हणतात, “मी कॅम्प तीनला राहतो.” कॅम्प कुणाचा, असं विचारलं की गप्प. दुसऱ्या महायुद्धातला लष्करी तळ, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत ठेवलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. हे दहा ओळींत सांगून संपतं. पण एका सिंधी मुलीच्या घरी आजोबांची जुनी पत्रं असतात, अरबी वळणाच्या, बावन्न अक्षरांच्या सिंधी लिपीत. तिला सिंधी बोलता येते, वाचता येते ती देवनागरीतली, तीही अडखळत. घरातलंच पत्र तिला शिलालेखाइतकं परकं. १९६७ साली सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली, लिपीचा वाद मात्र मिटला नाही, आणि त्या वादाची किंमत काय, ते या मुलीच्या हातातल्या कागदाकडे बघितलं की समजतं. रीटा कोठारींनी भाषांतरित केलेल्या सिंधी फाळणीकथा, नंदिता भावनानींचं सिंधी हिंदूंच्या निर्वासनावरचं पुस्तक, एवढं तिच्यापुढे ठेवा. मग ‘यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ या आपल्या पिढीजात विनोदावर ती पूर्वीसारखी हसत नाही. हसली तरी वेगळं हसते. बनावट मालावरचा तो विनोद कुणी, कुणावर, कोणत्या दशकात करायला सुरुवात केली, यावर दोन पानं लिहायला मी सांगितलं असतं. मास्तरकीतला हा लोभ आहे, कबूल.

तीन गावांपैकी बदलापूर या अभ्यासात सगळ्यांत गरीब, असं मला आधी वाटायचं. देऊळ नाही, छावणी नाही. पण त्याच्याकडे एक गोष्ट आहे. इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. प्रत्येक बदलापूरकर हे सांगतो, शिवरायांचं सैन्य सुरतेच्या वाटेवर इथे थांबे असंही त्याला जोडतो. ऐकायला इतकं चपखल, की संशय यायला हवा. गावाच्या नावाची फोड आजच्या मराठीत इतकी सरळ बसली, तर ती नावानंतर जुळवलेली असण्याची शक्यता आधी तपासावी लागते. जुन्या कागदांत नावाचं रूप कोणतं? ‘बदल’ हा अरबीतून आलेला शब्द मराठी गावनावांत कधीपासून दिसतो? कल्याणहून सुरतेला जाणारा माणूस उलट्या दिशेने, घाटाकडे का येईल? शेवटचा प्रश्न मी वर्गात टाकला की मुलं मोबाइलवर नकाशा उघडतात. कुणीतरी म्हणतं, पुण्याहून आला असेल तर? लगेच दुसरं म्हणतं, मग कोणत्या घाटाने उतरला ते सांग. वाद सुरू होतो, आवाज चढतो, शेजारच्या वर्गातले सर दार लावून घेतात.

ओपन इलेक्टिव्हच्या यादीत माझा विषय त्या वर्षी आला नाही. त्याऐवजी व्यक्तिमत्त्व विकासाचा पेपर आला, बहुपर्यायी प्रश्नांचा. मी मग शनिवारी दुपारी, क्रेडिटशिवाय, ज्यांना यायचं त्यांना घेऊन बसायला लागलो. पहिल्या शनिवारी अकरा जण आले, तिसऱ्याला सहा. त्या सहांत एक जीन्सच्या कारखान्यातला आहे. शिलालेखाच्या ठशाची छापील प्रत मी त्याच्यापुढे ठेवली तेव्हा तो बराच वेळ एकाच आकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सर, मला तर हा सातच वाटतो.”

मी म्हटलं, लिही तसं. पण मग छित्तराजाचं काय करायचं, तेही लिही.

त्याने पुढच्या शनिवारपर्यंत मुदत मागितली आहे.